नारळाची नाडी

तंजावरजवळच्या पापनाशमच्या बस स्टँडामागच्या कल्याण मंडपात त्या गुरुवारी सकाळी दहालाच पाय ठेवायला जागा उरली नव्हती. एरवी ज्या व्यासपीठावर नवरा-नवरी घामाघूम होऊन आहेर घेत उभी असतात, तिथे आज एक लाकडी खुर्ची मांडली होती. खुर्चीत चौऱ्याहत्तर वर्षांचे रंगराव बसले होते आणि छातीला लावलेल्या तारेच्या चकतीतून त्यांचं हृदय मंडपाच्या चारही भोंग्यांतून ऐकू येत होतं. धड. धड-धड. मग इतकी लांब शांतता, की पुढच्या रांगेतल्या बायका श्वास रोखून धरत. मग कुणी मागे लागल्यासारखं धडधडधड, आणि पुन्हा शांतता.

"ऐका," शेजारी मृदंगाशी बसलेले तालस्वामी तमिळमध्ये म्हणाले. "याला ताल म्हणतात?"

"नाही," मंडप म्हणाला.

"हे गृहस्थ चाळीस वर्षं भजनाला बसतात. यांच्या चिपळ्या चुकत नाहीत आणि हृदय चुकतंय. कशामुळे? डॉक्टरनं गोळ्या देऊन रक्त पातळ केलंय. मला सांगा, मृदंगाची शाई पातळ केली तर नाद निघेल?"

"नाही," मंडप पुन्हा म्हणाला.

शेवटच्या रांगेमागे, चपलांच्या ढिगाशी, रंगरावांची मुलगी भुवना हाताची घडी घालून उभी होती. तंजावरच्या डॉक्टर भरद्वाजांच्या दवाखान्यात ती एकोणीस वर्षं ईसीजी काढत होती. शाईचा दाखला ऐकून तिच्या शेजारच्या दोन निवृत्त मास्तरांनी कौतुकानं मान डोलावली, तेव्हा त्यांनी जन्मभर शिकवलेल्या पोरांची तिला कीव आली.

स्वामींची सेविका संगीता पाण्यानं भरलेलं पसरट पितळी भांडं, उरळी, घेऊन पुढे आली. रंगरावांनी शर्टाच्या खिशातून गोळ्यांची दोन पाकिटं काढली आणि उरळीत टाकली. टाळ्या पडल्या. मग स्वामींनी मृदंग मांडीवर घेतला आणि आदितालाची पहिली थाप मारली. एक आवर्तन झालं, दुसरं झालं. तिसऱ्या आवर्तनाला भोंग्यातलं हृदय अडखळलं, थबकलं, आणि मृदंगाच्या मागोमाग गुमान चालू लागलं. धड, धड, धड, धड. मंडपातले शेकडो हात आपापल्या मांडीवर ताल धरू लागले. भुवनाची आई जयलक्ष्मी पहिल्याच रांगेत होती. ती पदर तोंडाला लावून रडत होती.

दुसऱ्या कुठल्या मुलखात हा बाबा आठवडाभरही टिकला नसता. पण इथे ज्याला धड दोन ओळी गाता येत नाहीत, तोही बसमध्ये बसल्या बसल्या मांडीवर ताल मोजतो. इथे राख काढून दाखवणाऱ्याकडे लोक फिरकले नसते. तालाची गोष्ट मात्र त्यांना चटकन पटली. शिवाय स्वामी पैसे घेत नसत. कालव्याकाठी आश्रमासाठी जमीन मिळणार अशी बोलवा होती, पण ती भक्तांची हौस, स्वामींना काय त्याचं.

रंगरावांचं दुखणंही तालानंच उघडकीला आलं होतं. त्यांचं घराणं तंजावरच्या जुन्या मराठी घराण्यांपैकी, दर गुरुवारी घरी मराठी भजन होई. एकदा अभंग मध्येच थांबवून त्यांनी स्वतःच्या मनगटावर बोटं ठेवली आणि म्हणाले, "माझी नाडी आवर्तन सोडून चालली आहे." भुवनानं त्याच दिवशी ईसीजी काढला. हृदयाचे वरचे कप्पे ठेक्यात आकसायचं सोडून नुसते थरथरत होते.

डॉक्टर भरद्वाजांनी त्यांना समोर बसवून नीट समजावलं होतं. "थरथरणाऱ्या कप्प्यात रक्त साचतं, साचलं की गोठतं. ठेका परत आणता येतो, गोळीनं किंवा छोटा विजेचा शॉक देऊन. पण आत गुठळी असताना ठेका आला, तर कप्पा जोरात आकसतो आणि गुठळी सुटून मेंदूत जाते. म्हणून आधी तीन आठवडे रक्त पातळ ठेवणारी गोळी, एक दिवस न चुकता. मग शॉक. आणि शॉकनंतरही गोळी चालूच."

रंगरावांनी यातला शॉक तेवढा ऐकला. शिवाय गोळीपायी रक्त तपासायला सुई टोचून घ्यायची आणि शेवग्याच्या पाल्याची जाड डोशासारखी अडै बेतानं खायची, हे त्यांना शिक्षेसारखं वाटे. दहा दिवस त्यांनी कसेबसे काढले. अकराव्या दिवशी ते पापनाशमच्या खुर्चीत होते.

परतीच्या बसमध्ये त्यांच्या मांडीवर स्वामींनी दिलेली तीर्थाची बाटली होती. रोज तीन वेळा, तीन दिवस घ्यायचं होतं.

"अप्पा, पाणी प्या हवं तितकं," भुवना म्हणाली. "पण गोळी सोडू नका. मी तुमच्या पाया पडते."

"तुजला मशीन कळतं, भुवना. मजला ताल कळतो," रंगराव म्हणाले आणि खिडकीबाहेरच्या भातशेताकडे बघत बसले.

चौथ्या दिवशी ते स्वतःहून दवाखान्यात आले, शर्ट काढून पलंगावर आडवे झाले आणि म्हणाले, "काढ तुझा कागद." भुवनानं तारा लावल्या. पट्टी बाहेर आली. ठेका सरळ होता. प्रत्येक ठोक्याआधी ती छोटीशी लाट होती, वरचे कप्पे कामाला लागल्याची खूण. संथ, एकसारखा, निरोगी माणसाचा ठेका.

भोंग्यातल्या आवाजात लबाडी असणार हे ती धरूनच चालली होती. हा कागद मात्र तिच्या स्वतःच्या यंत्रातून आला होता. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा तिला वाटलं, की आपल्याला कळत नाही असं काहीतरी असेलही. त्या भरात तिनं पट्टी पुरती वाचलीच नाही. ठोक्यामागची शेपटी प्रमाणाबाहेर लांबलेली होती. एरवी परक्या पेशंटच्या पट्टीवर तिनं ती चटकन टिपली असती. वडिलांच्या पट्टीवर तिनं फक्त जे बघायला जीव आसुसला होता तेवढं बघितलं, आणि फोनवर फोटो काढून, सही करून कागद त्यांच्या हातात दिला.

पुढच्या दोन दिवसांत तो कागद वीतभराचा पुरुषभर झाला. दवाखान्याच्या नावासकट, भुवनाच्या सहीसकट त्याचा फ्लेक्स मंडपाच्या दारावर लागला. खाली लिहिलं होतं: विज्ञानानेही मान तुकवली.

डॉक्टर भरद्वाज भुवनावर क्वचितच रागावत. त्या दिवशी रागावले. "ठेका आला म्हणून नाचताय? ठेका आला म्हणूनच आता धोका जास्त. आजच्या आज गोळी सुरू कर." तिनं घरी येऊन सांगितलं. रंगराव म्हणाले, डॉक्टरला हेवा वाटतोय.

संध्याकाळी जयलक्ष्मीनं तिला स्वयंपाकघरात ओढलं. "गोळी कुटून रसमात घालूं कां? त्यांना कळायचं नाही. मलाही भीती वाटतेच की गं."

भुवनानं क्षणभर विचार केला. रसम उकळत होतं, गोळी हातात होती. "नको, अम्मा," ती म्हणाली. "शहाण्या माणसाला फसवून औषध पाजायचं नाही. मी समजावते त्यांना."

तिनं समजावलं. चित्र काढून समजावलं, हात जोडून समजावलं, एकदा ओरडूनही समजावलं. सातव्या दिवशी, बुधवारी सकाळी, रंगराव अडैचा तिसरा घास तोंडात घालत असताना तो घास ओठाच्या उजव्या कोपऱ्यातून खाली पडला. टंबलर कलंडला. ते काहीतरी बोलू पाहत होते आणि त्यांच्या तोंडून नुसता लाळेत बुडालेला आवाज येत होता. भुवनाला एका नजरेत कळलं. पंधरा मिनिटांत ते इस्पितळात होते, म्हणून जीव वाचला. उजवी बाजू गेली. वाचा गेली. चाळीस वर्षांचे अभंग गेले. उरले दोन शब्द, आणि तेही त्यांनी निवडलेले नव्हते. काहीही विचारलं की ते म्हणत, "बरं आहे."

भूक लागली तरी बरं आहे. अंथरूण ओलं झालं, तरी शरमेनं डोळे मिटून, बरं आहे.

इस्पितळातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "ठेक्यासाठी ते कोणती गोळी घेतात?"

"कोणतीच नाही."

"असं कसं? ईसीजीत तिची खूण अजून आहे," त्या म्हणाल्या आणि पट्टीवरच्या लांबलेल्या शेपटीवर पेन ठेवलं.

भुवनानं फोनमधला, चौथ्या दिवशीच्या पट्टीचा फोटो उघडला. शेपटी तिथेही होती, आणखी लांब. ती कितीतरी वेळ तो फोटो मोठा करत बसली. मग घरी जाऊन तिनं तीर्थाची रिकामी बाटली उजेडात धरली. तळाशी पांढरा गाळ होता. गाळ तिनं एका प्रयोगशाळेत दिला. तीन आठवड्यांनी उत्तर आलं: विभूती, तुळस, कापूर, आणि हृदयाचा ठेका परत आणणारी, भल्याभल्या डॉक्टरांनाही जपून द्यावी लागणारी गोळी, कुटलेली.

चमत्कार खोटा नव्हता, म्हणजे ठेका खरोखरच आला होता. डॉक्टरांचंच औषध, नाव देवाचं. आणि ठेका आला तेव्हा गुठळीची वाट अडवणारी दुसरी गोळी पितळी उरळीत पडली होती.

तिला पुरावा घेऊन पोलिसांत जायचं होतं. जयलक्ष्मीला पापनाशमला जायचं होतं. "ठेका दिला त्यांनी, वाचाही देतील," ती म्हणत होती. "अर्धांग म्हणजे मागचं कर्म बाहेर पडतंय, असा निरोप पाठवलाय स्वामींनी." भुवनानं अहवाल दाखवला तर अम्मा म्हणाली, इंग्रजी कागद. तेव्हा तिनं अहवालाची एक प्रत आणि तक्रार पोलिसांकडे पोचवली, आणि पुढच्या गुरुवारी वडिलांना चाकाच्या खुर्चीत घालून आईबरोबर पापनाशमला गेली.

मंडपात तिचं स्वागत झालं. फ्लेक्सवरची सही तिची, म्हणजे ती घरचीच. मागच्या स्वयंपाकघरातून या, खुर्चीला पायऱ्या नकोत, असं कुणीतरी प्रेमानं सांगितलं. तिथे वासुकी मामी नावाची सत्तरीची सेविका तीन सुपं पुढ्यात घेऊन उरळीतली पाकिटं निवडत बसली होती. शेजारी दगडी खलबत्ता होता.

"मामी, हे काय करता?"

"सेवा, गं. या नावाच्या तेवढ्या खलात. बाकीच्या कालव्यात." मामीनं एक रिकामं पाकीट नमुन्यादाखल उचलून दाखवलं. "स्वामी म्हणतात, ह्या सात्त्विक आहेत. दोष काढून लोकांनाच परत द्यायच्या, तीर्थातून."

कालव्याच्या सुपात तळाला राहिलेलं एक पाकीट भुवनाला दिसलं. मागच्या बाजूला तिच्याच अक्षरात लिहिलं होतं, अप्पा, रात्री जेवल्यावर. ती खुर्चीच्या दांड्याला धरून उभी राहिली. लोकांनी टाकलेलीच औषधं होती ती. जी तमाशाला उपयोगी तिचं तीर्थ, आणि जी नुसती गुपचूप जीव राखते ती माशांना. तिनं ते पाकीट कनवटीला लावलं आणि खुर्ची पुढे ढकलली.

स्वामींनी रंगरावांना पाहिलं आणि ते मुळीच गडबडले नाहीत. गडबडणारा माणूस या धंद्यात पडतच नाही. त्यांनी चाकाची खुर्ची व्यासपीठावर घ्यायला लावली, माइक रंगरावांच्या तोंडाशी नेला आणि मायेनं विचारलं, "रंगराव, हृदय कसं आहे?"

"बरं आहे," रंगराव म्हणाले.

"ऐकलंत? त्यांच्याच तोंडून. कसं आहे?"

"बरं आहे," रंगराव म्हणाले. त्यांच्या डाव्या डोळ्यातून पाणी वाहत होतं. मंडपानं टाळ्या वाजवल्या. जयलक्ष्मीनं नवऱ्याच्या तोंडाकडे बघितलं आणि तिचे जोडलेले हात हळूहळू खाली आले.

"स्वामी," भुवना तमिळमध्ये म्हणाली, "माझंही ऐका."

ईसीजीवाली स्वतः खुर्चीत बसते आहे म्हटल्यावर स्वामींना आनंदच झाला. संगीतानं तारेची चकती भुवनाच्या पदराखाली सरकवली. भोंगे बोलू लागले. धड. धड-धड. शांतता. धडधडधड.

"अरेरे," स्वामी म्हणाले. "हिचंही."

"मी रोज सकाळी मशीन तपासायला स्वतःचीच पट्टी काढते," भुवना म्हणाली. "आजही काढली. सरळ आहे."

"मशीन देह बघतं, पोरी. आम्ही नाद ऐकतो."

"मग नीट ऐका." तिनं चकती काढली, पूजेच्या ताटातला नारळ उचलला आणि चकती त्यावर दाबून धरली. धड. धड-धड. शांतता. धडधडधड. नारळ तिनं उंच धरला, शेवटच्या रांगेलाही दिसावा म्हणून. "या नारळाच्या घरच्यांना बोलवा कुणीतरी. याची तब्येत बरी नाही."

कुणीतरी फस्सकन हसलं आणि लगेच गप्प झालं. स्वामी पडद्याकडे बघत काहीतरी खुणावत होते. पण पडद्यामागे मणी नावाचा जो माणूस आधीच भरून ठेवलेले ठोके लावायला संगणकासमोर बसला होता, त्याला व्यासपीठ दिसत नव्हतं. मृदंग वाजला की दुसरं बटण दाबायचं, एवढंच त्याला शिकवलेलं. भुवनाला हे ठाऊक नव्हतं; तिनं अंदाज बांधला. ती वाकली आणि उघड्या तळव्यानं मृदंगावर थापा मारत सुटली. तिला वाजवता येत नाही. ताल कुठेच नव्हता, नुसत्या थापा. तरी तीन आवर्तनांच्या वेळात नारळाचं हृदय अडखळलं, थबकलं, आणि धड, धड, धड, धड चालू लागलं. नारळ बरा झाला होता.

"आणि तुमच्या गोळ्या," ती म्हणाली, "मागे खलबत्त्यात आहेत. त्याच कुटून तुम्हाला तीर्थ म्हणून पाजतात. म्हणून काहींचा ठेका येतो. काहींचा आपोआपही येतो, हा आजार जातो-येतो. पण रक्त पातळ ठेवणारी गोळी हे कालव्यात फेकतात. माझ्या वडिलांचा ठेका आला. पुढे काय झालं, ते तुमच्यासमोर बसले आहेत."

मंडप उठला. स्वामींच्या अंगावर जाईल असं तिला वाटलं होतं, पण लोक स्वामींना ओलांडून स्वयंपाकघराकडे धावले. सुपं उलटली. म्हातारे गुडघ्यांवर बसून फरशीवरून गोळ्या वेचू लागले, ही माझी, नाही, ती माझी, म्हणत. एक बाई ओली पाकिटं ओच्यात भरत होती आणि विचारत होती, यातली माझ्या नवऱ्याची कुठली. तिचा नवरा तीन महिन्यांपूर्वी बरा झाला होता आणि दोन महिन्यांपूर्वी गेला होता. वासुकी मामी खलबत्त्यापाशी दोन्ही हात पदराखाली लपवून बसली होती. भुवना ओरडत राहिली, इथलं काही तोंडात घालू नका, आपापल्या डॉक्टरकडे जा, आजच जा. निम्म्या लोकांनी ऐकलं.

पोलीस आले तेव्हा स्वामी कपडे बदलत होते. त्यांचं नाव सतीशकुमार निघालं. संन्यास घेण्याआधी ते अकरा वर्षं एका औषधाच्या दुकानात काउंटरला उभे होते. आपण कुणालाही विष दिलेलं नाही, चांगलं कंपनीचं औषध दिलं, असं ते जबाबात म्हणाले, आणि तेवढ्यापुरतं ते खरं होतं.

तंजावरच्या शाळांत हल्ली भुवनाला बोलावतात. ती नारळ घेऊन जाते. मुलं खूप हसतात. मग ती त्यांना सांगते, की बरं वाटलं म्हणजे बरं झालं असं नाही. काय दिलं ते विचारा, आणि जो सांगत नाही त्याचं घेऊ नका. माझ्या वडिलांना वाचवणारी गोळी दिसण्यासारखं काहीच करत नव्हती. ती घेतली असती तर एक बुधवार नेहमीसारखा गेला असता, एवढंच. जे संकट आलंच नाही, त्यासाठी कुणी हार घालत नाही, मंडप भरत नाही. तेवढ्यासाठी तरी आपण डोकं वापरायला शिकू या.

रसमाची गोष्ट ती शाळेत सांगत नाही. बाबानं तिच्या वडिलांना फसवून औषध पाजलं आणि तिनं फसवलं नाही. ती बरोबर होती. हे तिला रोज स्वतःला सांगावं लागतं, रात्रीचं जेवण झाल्यावर, त्यांच्या डाव्या तळहातावर ती छोटी गोळी ठेवताना. रंगराव आता एकही दिवस चुकवत नाहीत. ते गोळी गिळतात आणि तिच्याकडे बघतात.

"अप्पा, माझ्यावर राग आहे कां?" तिनं एकदा विचारलं.

"बरं आहे," रंगराव म्हणाले.